टॉवर गेला तेव्हा रानात वाफसा होता: एका कृषी सेवा केंद्राचे अडीच दिवस

"पैसे कटलेत माझे, हे बघा मेसेज. मग तुमचा स्पीकर का बोलंना?"

शेतकरी खोटं बोलत नव्हता. काउंटरवरचे दुकानमालक आण्णाही खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडं पैसे आल्याची कसलीच खूण नव्हती. दुकानात वीस-पंचवीस माणसं उभी. बियाण्याची थैली काउंटरवर मध्येच पडलेली, एकानं सोडलेली नाही आणि दुसऱ्यानं उचललेली नाही. मागं उभ्या असलेल्यांचं लक्ष त्या थैलीवर, कारण हाच प्रश्न दहा मिनिटांनी त्यांच्यावर येणार होता.

औसा-निलंगा रस्त्यावरच्या एका मोठ्या गावातलं हे कृषी सेवा केंद्र. बियाणं, खत, फवारणीची औषधं. मी लातूरला राहतो आणि अशा दुकानांची बिलिंगची कामं बघतो. या दुकानातली बिलाची पद्धत मीच बसवलेली होती, आणि त्या अडीच दिवसांत जे बिघडलं त्यातला एक हिस्सा माझा होता. तोही इथं लिहितो आहे, कारण तो वगळला तर हे प्रकरण दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं राहत नाही.

का थांबता येत नव्हतं

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला होता. सोयाबीनला साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये असं कृषी विद्यापीठ सांगतं. तेवढा पाऊस झाला की मग रान वाफशावर, म्हणजे औत चालेल एवढ्या ओलीवर, यायची वाट बघायची. वाफसा मात्र कुणासाठी थांबत नाही. काळ्या रानात तो दोन-तीन दिवस मिळतो. वरून पुन्हा पाऊस लागला तर औत घालता येत नाही, कडक ऊन पडलं तर वरचा थर सुकतो. म्हणून "नेटवर्क आलं की या" हे वाक्य त्या आठवड्यात कृषी दुकानदाराला बोलता येत नाही. कपड्याच्या दुकानदाराला येतं.

रविवारी संध्याकाळी वादळी वारं सुटलं, विजेचे खांब आडवे झाले आणि गावाची लाइट गेली. टॉवर रात्रभर बॅटरीवर आणि जनरेटरवर चालले. सोमवारी सकाळपासून रेंज येऊ-जाऊ लागली. दुपारनंतर एका कंपनीची पूर्ण गेली, दुसरीची एखादी कांडी दिसायची आणि विझायची. सोमवारी रात्री रस्त्याच्या कामात फायबर तुटली आणि मंगळवारी सकाळी गाव पूर्ण अंधारात होतं: डेटा नाही, कॉल नाही, एसएमएस नाही. ते सगळं बुधवारी रात्री नऊच्या सुमारास परत आलं.

आण्णांनी तयारी केली नव्हती असं नाही. दुकानात दोन कंपन्यांची सिमं होती, वर फायबरचं ब्रॉडबँड आणि इन्व्हर्टर. एक गेलं तर दुसरं, असा हिशेब. पण दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच लोखंडी टॉवरवर होते आणि त्या टॉवरला जाणारी फायबर आणि दुकानातलं ब्रॉडबँड एकाच चरातून येत होतं. तीन वाटा म्हणून ज्यांचे पैसे भरले जात होते, ती मुळात एकच वाट होती. हे बाहेरून दिसत नाही. गावातला टॉवर कुणाकुणाचा आहे हे बघावं लागतं, आणि लाइट गेल्यावर कुठलं सिम किती वेळानं मान टाकतं याची एकदा नोंद ठेवावी लागते. दोन्ही सिमं एकाच वेळी गेली तर दुसऱ्या सिमचा भरवसा धरू नये.

सोमवार: अर्धवट जिवंत नेटवर्क

सगळा गोंधळ सोमवारचा आहे. मंगळवारी आणि बुधवारी नेटवर्क अजिबात नव्हतं, तरी त्या दोन दिवसांत एकही भांडण झालं नाही. सोमवारच्या चार-पाच तासांत मात्र आठ व्यवहार अधांतरी राहिले.

याचं कारण यूपीआयचा पैसा कुठून कसा जातो त्यात आहे. शेतकरी भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करतो. त्याच्या फोनमधून निरोप त्याच्या ॲपकडं, तिथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या स्विचकडं जातो. स्विच शेतकऱ्याच्या बँकेला पैसे वजा करायला सांगतो, मग दुकानदाराच्या बँकेला जमा करायला सांगतो, आणि शेवटी 'झालं' हा निरोप उलट्या वाटेनं परत येतो. या साखळीत दुकानदाराचा फोन कुठंच नाही. भिंतीवरच्या कागदाला रेंज लागत नाही. स्पीकर पैसे घेत नाही, तो फक्त आल्याची दवंडी देतो, आणि दवंडी देण्यासाठी त्याला स्वतःच्या सिमची रेंज लागते.

म्हणजे स्पीकर गप्प राहिला याचे तीन अर्थ निघतात. पैसे निघालेच नाहीत. पैसे निघाले पण पोचले नाहीत. किंवा पैसे व्यवस्थित पोचले, फक्त दवंडी झाली नाही. काउंटरवर उभं राहून या तिन्हींत फरक करता येत नाही. शेतकऱ्याच्या फोनवर फिरणारं चक्रही तेवढंच आंधळं असतं, कारण 'झालं' हा निरोप त्याच्यापर्यंतही आलेला नसतो.

आण्णांच्या पोरानं तेव्हा जे केलं ते कुणीही केलं असतं. "परत एकदा मारा," म्हणाला. एका शेतकऱ्यानं आपल्या फोनवरून ६,४८० रुपये भरले, चक्र फिरत राहिलं, मग त्यानं लेकाच्या फोनवरून तेवढेच पुन्हा भरले. दोन्ही पोचले. दुसऱ्या एका गिऱ्हाइकानं 'प्रोसेसिंग' लिहिलेला स्क्रीनशॉट दाखवला आणि गर्दीत त्याला औषधाची बाटली दिली गेली. ते पैसे निघालेच नव्हते, हे नंतर कळलं.

दुपारी चारच्या सुमारास आण्णांच्या मंडळींनी एक गोष्ट सुचवली आणि तिथून दुकान सावरलं. दुकानात डेटा भरवशाचा नव्हता तरी एका सिमवर अधूनमधून साधा कॉल लागत होता. दुकानाच्या चालू खात्याचं ॲप लातूरला शिकणाऱ्या भाच्याच्याही फोनवर होतं. त्याला फोन लावून ठेवला. शेतकऱ्याच्या फोनवर यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक दिसत असेल तर त्याचे शेवटचे चार आकडे आणि रक्कम भाच्याला सांगायची, आणि त्यानं खात्यात बघून "आले मामी" किंवा "नाही अजून" म्हणायचं. पुढचे तेरा व्यवहार असे झाले आणि त्यातला एकही अडकला नाही. मला या सबंध प्रकरणातला सगळ्यात शहाणा तोडगा हाच वाटतो. पैशाची वाट चालू होती, फक्त खबरीची वाट तुटली होती. मामींनी खबरीला दुसरी वाट दिली.

माझी चूक

बिलाचं सॉफ्टवेअर मी सगळं इंटरनेटवर ठेवलेलं होतं. दुकानातल्या संगणकावर फक्त पडदा, हिशेब दूर सर्व्हरवर. चालू असताना याचे फायदे खूप आहेत, म्हणून दुकानदारांना तेच आवडतं. सोमवारी मात्र 'सेव्ह' दाबल्यावर उत्तर येईना, म्हणून पोरानं परत दाबलं. निरोप मात्र दर वेळी पोचत होता. परत येणारं उत्तर तेवढं हरवत होतं. तीन बिलं सर्व्हरवर दोन-दोनदा चढली आणि बियाण्याचा साठा कागदावर उणे दाखवू लागला.

यावरचा उपाय जुना आहे आणि तो मला ठाऊक होता, तरी मी तो या दुकानात बसवला नव्हता. बिलाला क्रमांक दुकानातच द्यायचा, सर्व्हरनं नाही. तोच क्रमांक घेऊन बिल शंभर वेळा पाठवलं तरी सर्व्हरनं म्हणायचं, "हे माझ्याकडं आहे," आणि दुसऱ्यांदा लिहायचं नाही. मग उत्तर हरवलं तरी भीती राहत नाही. एसटीच्या कंडक्टरचं तिकीट मशीन असंच चालतं. बालाघाटच्या घाटात रेंज नसली तरी तिकीट निघतं, क्रमांक मशीनच देतं, हिशेब मागाहून आगारात उतरतो. गाडीतल्या म्हातारीला हे काही माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. दुकानाच्या संगणकातली लहान गोल बॅटरी कधीची मेलेली होती. इन्व्हर्टर उतरला, संगणक बंद पडला, आणि पुन्हा चालू झाला तेव्हा घड्याळ काही वर्षं मागं गेलेलं. एरवी इंटरनेट ते गुपचूप दुरुस्त करतं. त्या दिवशी करणारं कुणी नव्हतं. हे मंगळवारी मी पोचल्यावर लक्षात आलं, म्हणून चुकीच्या तारखेचं बिल छापायचं वाचलं. ती बॅटरी काही दहा-वीस रुपयांची वस्तू आहे.

मंगळवार: उधारी कुणाच्या नावावर

मंगळवारी सकाळी आण्णांचा मुलगा मोटरसायकलवर लातूरला माझ्या दारात आला, कारण निरोप द्यायला दुसरा मार्गच नव्हता. आम्ही दुकानात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. रांग रस्त्यापर्यंत.

आधी काय काय चालू शकतं ते बघितलं. *९९# ही फोनवर आकडे दाबून पैसे पाठवायची सेवा इंटरनेटशिवाय चालते, पण तिलाही मोबाइलचा सिग्नल लागतो. फीचर फोनसाठी मार्च २०२२मध्ये आलेलं यूपीआय १२३पे कॉलवर चालतं, कॉलच नव्हता. लहान रकमांसाठीच्या यूपीआय लाइटला पिन लागत नाही, पण निरोप जायला डेटा लागतो. दोन्ही फोन अंधारात असताना चालणारं यूपीआय लाइट एक्स आहे, ते फोनला फोन टेकवून एनएफसीवर, म्हणजे अगदी जवळून निरोप देणाऱ्या फोनमधल्या सोयीवर, चालतं. त्या रांगेत एनएफसी असलेले फोन किती होते? मी विचारत गेलो, एकही सापडला नाही. ॲप असूनही उपयोग नव्हता.

इथं एक फरक सांगून ठेवतो, कारण लोक सगळ्या बंदला एकच समजतात. २०२३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आंदोलनाच्या दिवसांत बीड, जालना भागात प्रशासनानं इंटरनेट बंद ठेवलं होतं. तसल्या बंदमध्ये कॉल चालू राहतो, म्हणून *९९# आणि १२३पे उपयोगी पडतात. टॉवरच मेला तर ते पडत नाहीत. बंद कुठल्या जातीचा आहे ते आधी ओळखायचं, मग औषध.

आमच्या बंदमध्ये उरला कागद आणि रोकड. एटीएमही बंद, त्यामुळं रोकड प्रत्येकाच्या घरात होती तेवढीच. तेव्हा सरळ बोलायचं तर प्रश्न उधारीचा होता. नेटवर्क नसताना पुढं गेलेला कुठलाही व्यवहार हा उधारीच असतो. मशीनवर झाला तरी. माल आज जातो, पैसे पुढं कधीतरी पोचतात, आणि मधल्या काळाचा धोका कुणीतरी अंगावर घेतो. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२२मध्ये ऑफलाइन पेमेंटची चौकट घातली तेव्हा नेमकी हीच काळजी घेतली. समोरासमोरचा व्यवहार, एका वेळी २०० रुपये, एकूण २,००० रुपये, पुन्हा भरायचं तर ऑनलाइन येऊन. २०२३मध्ये २००चे ५०० झाले आणि डिसेंबर २०२४मध्ये यूपीआय लाइटसाठी एका वेळी १,००० आणि एकूण ५,००० अशी मर्यादा झाली. बुडालं तर किती बुडेल हे आधी ठरवायचं, मग दार उघडायचं. गावातला दुकानदार उधारीच्या वहीत पिढ्यान् पिढ्या तेच करत आला आहे. त्याला मर्यादेचं परिपत्रक लागत नाही. कुणाची किती ऐपत आणि कुणाची नियत कशी हे त्याच्या डोक्यात असतं.

आण्णांनी बसल्या जागी ठरवलं. ज्यांचं दुकानात आधीपासून खातं आहे, त्यांना मागच्या खरिपात जेवढी उधारी होती तेवढ्यापर्यंत माल. ओळखीचा पण खातं नसलेला, त्याला एका बियाण्याच्या थैलीपर्यंत, आणि खातं असलेल्या कुणीतरी शेजारी उभं राहून "मी आहे" म्हणायचं. अनोळखी माणसाला रोखीनंच. "वाटंनं जाणाराला नाही म्हणायला जीवावर येतं," ते म्हणाले, "पण त्याला कुठं शोधू?"

खताचं वेगळं होतं. अनुदानित खत पीओएस मशीनवर, म्हणजे दुकानातल्या विक्री नोंदवायच्या मशीनवर, आधार पडताळून विकायचं असतं. २०१८पासून देशभर हीच पद्धत आहे, कारण खत कंपनीला मिळणारं अनुदान या मशीनवरच्या विक्रीवर ठरतं. मशीनमधला साठा आणि गोदामातला साठा जुळला नाही तर तपासणीत दुकानदाराच्या परवान्यावर येतं. रांगेतले लोक म्हणत होते, अंगठा मागून घ्या, पोतं आत्ता द्या. त्यांचं चूक नव्हतं. तरी आण्णांनी ४५ किलोचं २६६ रुपये ५० पैशांचं युरियाचं एक पोतंही मशीनशिवाय सोडलं नाही. त्याऐवजी माणसागणिक पोती बाजूला काढून त्यावर खडूनं नाव आणि चिठ्ठीचा क्रमांक लिहिला, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. विक्री झालीच नव्हती, तर पैसे कसले? लोकांनी हे ऐकून घेतलं. पैसे मागितले असते तर ऐकलं नसतं, असं मला वाटतं. शिवाय पेरणीबरोबर द्यायची खतं बहुतेकांनी आधीच नेलेली होती. युरियाला थोडी सवड होती. ती नसती तर हा निर्णय एवढा सोपा गेला नसता.

लॉट नंबर

पावती पुस्तकं दोन काढली, कार्बनवाली. एका काउंटरला 'अ' मालिका, दुसऱ्याला 'ब'. जीएसटीच्या नियमात बिलाचे क्रमांक सलग आणि वर्षभरात एकमेव असावे लागतात, पण एकापेक्षा जास्त मालिका चालतात. दोन माणसं एकमेकांना न विचारता लिहीत असतील तर वेगळी मालिका हाच मार्ग.

पहिल्या तासात लिहिलेल्या पावत्या मी चाळल्या आणि पोटात गोळा आला. नाव, गाव, माल, रक्कम, सगळं होतं. बियाण्याचा लॉट नंबर, म्हणजे पिशवी कुठल्या खेपेतली आहे ते सांगणारा क्रमांक, नव्हता. संगणक तो आपोआप छापायचा, म्हणून पोरांच्या हाताला सवयच नव्हती.

हे किरकोळ वाटेल, पण मराठवाड्यात नाही वाटणार. २०२०च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी घेऊन इथले शेतकरी कृषी कार्यालयांच्या दारात उभे होते. अशा वेळी शेतकऱ्याच्या हातात दोनच गोष्टी असतात, बियाण्याची पिशवी आणि पावती. पावतीवर लॉट नंबर नसेल तर "हे बियाणं आमच्याच लॉटचं कशावरून?" या प्रश्नापुढं तो गप्प होतो. नेटवर्क आमचं गेलं होतं. त्याची किंमत त्याच्या दुबार पेरणीच्या भरपाईतून जायला नको होती. काउंटर पंधरा मिनिटं बंद केला. रांग ओरडली. आण्णा बाहेर येऊन म्हणाले, "तुमच्याच पावतीसाठी थांबलोय, बियाणं नाही उगवलं तर हीच पावती लागल." रांग गप्प झाली. निघून गेलेल्या अकरा पावत्यांपैकी नऊ जणांना गावात गाठून लॉट नंबर लिहून दिला. दोघं पेरायला लांबच्या रानात गेले होते, त्यांच्या पावत्या चौथ्या दिवशी दुरुस्त झाल्या. तोपर्यंत आण्णांनी त्यांच्या पिशव्यांचा लॉट कार्बन प्रतीवर लिहून ठेवला होता.

बुधवारची रात्र

नेटवर्क आल्यावर पहिलं काम विक्री नाही, ताळा. बँकेचं स्टेटमेंट, पावती पुस्तकं आणि सर्व्हरवरची बिलं शेजारी शेजारी ठेवून आम्ही रात्री दीडपर्यंत बसलो. स्पीकर नव्या जमा बोलू लागला होता, सोमवारच्या जुन्या त्यानं कधीच सांगितल्या नाहीत.

आठ अधांतरी व्यवहारांतले पाच सोमवारीच जमा झालेले निघाले. दोन शेतकऱ्यांचे पैसे वजा झाले होते पण आण्णांकडं पोचले नव्हते. एकाचे मंगळवारी त्याच्या खात्यात परतले, दुसऱ्याचे गुरुवारी. अशा पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे. यूपीआयवर माणसाकडून माणसाकडं पाठवलेले पैसे पुढच्या दिवशी आणि दुकानात भरलेले पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढं दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रार शेतकऱ्यानं आपल्या ॲपवर किंवा आपल्या बँकेकडं करायची असते, दुकानदाराला त्यात काही करता येत नाही. हे त्या दोघांना पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं तर त्यांची झोप उडाली नसती. दोघांनीही पुढच्या बाजारी येऊन पैसे दिले. आठवा तो स्क्रीनशॉटवाला. तो पुन्हा आला नाही.

दोनदा भरलेले ६,४८० मात्र आपोआप परत जाणारे नव्हते. यंत्रणेच्या लेखी ते दोन्ही व्यवहार यशस्वी होते, कुणाची तक्रारच नव्हती. शेतकऱ्यालाही दुसरे पैसे गेल्याचं नक्की माहीत नव्हतं. आण्णांनी गुरुवारी सकाळी त्यांना बोलावून घेतलं आणि लेकाच्या खात्यावर परत केले.

खताचं मशीन गुरुवारी पहाटे पाचला सुरू केलं. खडूनं नावं लिहिलेली पोती दहाच्या आत गेली. सोमवारच्या तीन दुबार बिलांचा निकाल मी लावला आणि नवं सॉफ्टवेअर पुढच्या पंधरवड्यात बसवलं. हिशेब आता दुकानातल्या संगणकावर आहे, वर फक्त नक्कल जाते. चिल्लर आणि लहान नोटांची एक पेटी पेरणीच्या दिवसांत बँकेत भरत नाहीत. कार्बनची पुस्तकं काउंटरच्या खालच्या खणात, आणि त्यांवर आता लॉट नंबरचा रकाना छापलेला आहे.

पोळ्याच्या आधीच्या आठवडी बाजारी आम्ही मुद्दाम तासभर राउटर काढून ठेवला आणि स्पीकर बंद केला. गिऱ्हाइकांना आधी सांगितलं होतं. बिलं निघाली, क्रमांक जुळले, भाच्याचा फोनही लागला. हातानं लिहिलेल्या सतरा पावत्या मी नंतर तपासल्या. दोनांवर लॉट नंबरचा रकाना कोराच होता.